शुक्रवारची नोंद

देवस्थळी सर पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाटेबलापाशी फिरत होते, तेवढ्यात लोलकाच्या खोलीचं जाड दार उघडून पाचारणे काका बाहेर आले. हातातले पांढरे मोजे काढत ते सरळ माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "शरयूताई, जरा आत येता का? एक दाखवायचंय."

"पाचारणे, आधी तोंड गोड करा," सर लांबूनच म्हणाले.

"घेतो साहेब, मागनं," असं म्हणून काका परत आत गेले.

गुरुवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. मोठ्या पडद्यावर आमचा आलेख झळकत होता. एक आडवी तांबडी रेघ आणि तिच्याखाली, पहिल्यांदाच खाली, आमची निळी रेघ. त्या तांबड्या रेघेखाली जायला आमच्या गटाने साडेतीन वर्षं घासली होती. सोमवारी निवड समिती येणार होती. देशातले दोन गट शर्यतीत होते आणि ज्याचं यंत्र चांगलं ठरेल ते पुढे परदेशी मोहिमेच्या यानात बसायचं होतं. सरांच्या चेहऱ्यावर त्या सकाळी जे तेज होतं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर माझा संताप कुणाला कळायचा नाही. अवकाशात एकमेकांपासून लाखो किलोमीटर अंतरावर तीन यानं ठेवायची. प्रत्येकाच्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेला धातूचा ठोकळा तरंगत ठेवायचा. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वलहर निघते, ती यानांपर्यंत आली की ठोकळ्यांमधलं अंतर कणभर बदलतं, आणि तो बदल लेसरने मोजायचा. त्यासाठी ठोकळा कशालाही टेकता कामा नये. पण अगदीच मोकळा सोडला तर तो डब्याच्या भिंतीला जाऊन लागतो. म्हणून त्याच्याभोवती पट्ट्या बसवायच्या, त्यांना थोडी वीज द्यायची आणि त्या विजेच्या ओढीने ठोकळ्याला न शिवता जागेवर धरायचं. दोन्ही बाजूंनी ओढ सारखी. ती ओढ थरथरली तर ठोकळाही थरथरणार, आणि त्या थरथरीत लहर हरवून जाणार. थरथर किती चालेल? तिळाचे काहीशे कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाच्या वजनाइतकी. ती मर्यादा म्हणजे पडद्यावरची तांबडी रेघ, आणि आमची थरथर म्हणजे निळी. आम्ही ती ओढ देणारं यंत्र बनवत होतो आणि जमिनीवर तपासत होतो. तळघरातल्या निर्वात टाकीत एक पोकळ ठोकळा बारीक तारेला लोलकासारखा टांगायचा, चार पट्ट्यांनी दोन्हीकडून सारखा ओढायचा आणि चारपाच दिवस खोलीत कुणालाही पाऊल टाकू न देता तो किती कापतो ते मोजायचं.

ती तार केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. ती टांगणं फक्त पाचारणे काकांना जमायचं. रघुनाथ पाचारणे, मूळचे नारायणगावकडचे, आयटीआय करून संस्थेत लागलेले, तेव्हा एकतीस वर्षं झालेली आणि निवृत्तीला चार महिने उरलेले. आम्ही पीएच.डी. वाले तार हातात धरली की ती तुटायची. काका मात्र श्वास रोखून ती आकड्यात अडकवायचे आणि नंतर सावकाश श्वास सोडायचे. सरांनी दोनदा परिषदेत जाऊन या लोलकावर भाषणं दिली, पुरस्कारही घेतला. त्या भाषणांत काकांचं नाव नव्हतं, हे मला तेव्हा खटकलंही नव्हतं.

मी आत गेले. टाकीच्या अंगाला, जिथून विजेच्या चार केबली आत जातात, तिथे काका उभे होते. त्यांनी बोटाने दाखवलं. चारही केबलींच्या तोंडाशी अर्थिंगच्या टोप्या होत्या, लाल फितीच्या.

टाकी उघडून काम करायचं असलं की काका या टोप्या घालायचे. टोपी घातली की पट्टीकडे जाणारी वीज वाटेतच जमिनीत जाते आणि ठोकळ्यावर भलता भार साठत नाही. मापन सुरू करायच्या आधी टोप्या काढायच्या. खोलीचा नियम असा, की ज्याने टोपी घातली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आत कोणी काय करून ठेवलंय ते एकाच डोक्यात राहावं, म्हणून काकांनीच तो पाडला होता.

"शुक्रवारी पंपाचं काम झालं तेव्हा मी घातल्या," काका म्हणाले. "मग मी गावाला. साडूच्या पोरीचं लग्न होतं. काल रात्री आलो, आज मापन संपल्यावर आत पाऊल टाकलं, तर ह्या तशाच. ताई, खिशात हात घालून उभ्या माणसाचा हात कापत नाही."

शनिवारी मापन सुरू झालं होतं आणि गुरुवारी सकाळी संपलं होतं. एवढे दिवस संगणक दाखवत होता की चारही पट्ट्यांना ठरलेली वीज दिली जात आहे. पण संगणक दाखवतो तो आपण पाठवलेला आकडा. पोचलं किती, ते त्याला कळत नाही. वीज टोप्यांतून जमिनीत जात होती. पट्ट्या ठोकळ्याला ओढतच नव्हत्या, आणि ज्याला कुणी ओढतच नाही तो ठोकळा शांत लटकणार नाही तर काय करणार? आमची साडेतीन वर्षांची सगळ्यात सुंदर रेघ ही बंद यंत्राची रेघ होती.

असं होऊ नये म्हणूनच मापनाआधी एक ओळखीचा धक्का द्यायची पद्धत होती. पट्ट्यांनी ठोकळ्याला ठरलेल्या जोराने हलकेच ढकलायचं आणि तो तेवढाच हलतो ना ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम. यावेळी तो धक्का दिला गेला नव्हता. दिल्लीहून सरांचा फोन आला होता, की गेल्या महिन्यात दिलाय, सोमवार तोंडावर आहे, सरळ मापन सुरू करा.

मी बाहेर आले आणि सरांना केबिनमध्ये गाठलं. जे पाहिलं ते सांगितलं. सरांच्या हातात अर्धा पेढा होता, तो त्यांनी कागदावर ठेवला. मला वाटलं, आता उठतील, टोप्या काढायला लावतील आणि आत्ता सुरू केलं तर सोमवारपर्यंत नवं मापन हातात येईल. मी तसं म्हटलंही.

"तू आत केव्हा गेलीस?" त्यांनी विचारलं.

"आत्ता. काकांनी बोलावलं म्हणून."

"म्हणजे तुझ्याआधी पाचारणे आत होते. एकटे."

"हो."

"मग टोप्या त्यांनी आज सकाळी घातल्या नाहीत कशावरून?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. काका आज सकाळी टोप्या कशाला घालतील, असं मी विचारलं. सर अगदी शांतपणे म्हणाले की मापन संपल्यावर टोप्या घालणं हे सवयीने होऊ शकतं, वय झालंय माणसाचं, आणि घातल्या कधी हे विसरणंही होऊ शकतं. मी काकांच्या रजिस्टरचा विषय काढला. नियंत्रण कक्षात सुरू करायच्या बटणाशेजारी काकांचं एक जाड रजिस्टर असायचं. त्यात ते रोज मराठीत लिहायचे: खोलीचं तापमान, पंपाचा आवाज, कोण आत आलं, कोण गेलं. टोप्या शुक्रवारी घातल्याचं त्यात असणारच, मी म्हटलं.

"शरयू, ते रजिस्टर म्हणजे पाचारणेंची डायरी आहे," सर म्हणाले. "संस्थेची नोंदवही संगणकावर आहे, इंग्रजीत आहे. तिच्यात टोप्यांचा उल्लेख नाही. समिती तीच बघणार."

संगणकावरच्या त्या नोंदवहीला पासवर्ड लागायचा आणि तंत्रज्ञांना तो दिलेला नव्हता. का दिलेला नव्हता, तर ते इंग्रजीत चुका करतात आणि परदेशी लोकांसमोर बरं दिसत नाही. हे सरांनीच ठरवलं होतं. आणि तेच सर पाहुणे आले की काकांचं रजिस्टर उघडून दाखवायचे. बघा, आमच्याकडे असे जुन्या वळणाचे लोक आहेत, काय सुंदर अक्षर आहे. पाहुणे फोटो काढायचे. कौतुक करायला ते रजिस्टर चालत होतं, फक्त साक्षीला चालत नव्हतं.

सरांनी पुढे जे सांगितलं, ते त्यांनी माझ्या भल्यासाठी म्हणून सांगितलं. मापन अहवालावर माझी सही लागणार होती. सही झाली तर सोमवार पार पडेल, मग आठ दिवसांनी शांतपणे पुन्हा मापन करू, यंत्र चांगलंच आहे, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. सही झाली नाही तर चौकशी लागेल. टोप्या काकांनी घातल्या आणि काकांनीच काढायला हव्या होत्या, हा नियम काकांचाच. मग निष्काळजीपणाचा ठपका कुणावर येईल, ते मीच विचार करून बघावं. निवृत्तीला चार महिने राहिलेत त्यांच्या, असं ते दोनदा म्हणाले.

सोमवारपर्यंत लोलकाच्या खोलीत कुणी जायचं नाही, असं सांगून त्यांनी तिची किल्ली खिशात टाकली. म्हणजे पुन्हा मोजायची वाटही बंद.

काका कॅन्टीनमागच्या चिंचेखाली बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आकड्याचं ऐकून ते नुसते मान हलवत राहिले. पण टोप्या आज सकाळी घातल्या असतील, असं सर म्हणाले, हे ऐकल्यावर ते उठून उभे राहिले.

"मी घातल्या म्हणतात? आज?"

"हो काका."

"आणि विसरलो म्हणतात." त्यांचा आवाज चढला नाही, पण कानशिलं लाल झाली. "एकतीस वर्षांत मी एक खोटी ओळ लिहिलेली नाही ताई. पंप बिघडला तर पंप बिघडला लिहिलं. माझ्या हातून तार तुटली, तर माझ्या हातून तुटली असं लिहिलं, नावानिशी. मला ठपक्याचं भय नाही. पण मी खोटा आहे असं कागदावर आलं ना, तर मी घरी तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, मी सही करणार नाही. मी सोमवारी सगळं बोलणार आहे. काका म्हणाले, "बोला. पण माझ्यासाठी नको. आकडा खोटा आहे म्हणून बोला."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी नियंत्रण कक्षात जाऊन ते रजिस्टर उघडलं. आदल्या शुक्रवारचं पान लगेच सापडलं. ठसठशीत देवनागरी, एकही खाडाखोड नाही. "सायंकाळी ५.१०. पंप बदलला. टाकी बंद केली. चारही अर्थिंगच्या टोप्या घातलेल्या आहेत. मी बुधवारपर्यंत रजेवर. मी टोप्या काढल्याशिवाय मापन सुरू करू नये. र. पाचारणे." खाली दोन रेघा मारल्या होत्या. सर त्या दिवशी दिल्लीत होते, मी चारलाच निघाले होते, आणि सांगायला समोर कुणी नाही म्हणून काकांनी ते लिहून ठेवलं होतं. मी मागची पानं चाळली. कितीतरी गोष्टी होत्या त्यात. कुठल्या दिवशी बाहेरच्या रस्त्यावर रोडरोलर चालला, कुठल्या दिवशी तारेत पीळ राहिला, दुपारी ऊन दक्षिणेच्या भिंतीवर आलं की ठोकळा कसा एका बाजूला सरकतो. हे शेवटचं शोधायला आम्हाला आठ महिने लागले होते. काकांनी ते आमच्याआधी दीड वर्ष लिहून ठेवलं होतं.

मी पान उघडं ठेवून तिथेच बसून राहिले. सरांचा मला इतका राग आला होता की दुसरं काही सुचतच नव्हतं.

शनिवार-रविवार मी सोमवारी बोलायची वाक्यं घोकली. इंग्रजीत घोकली, कारण समितीच्या अध्यक्ष डॉ. कुरियन केरळच्या होत्या. माझी सरांशी झालेली बोलणी मी तारीख-वेळेसकट लिहून काढली. मला पूर्ण खात्री होती की सत्य माझ्या बाजूला आहे, आणि ते सांगितलं की झालं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते.

सोमवारी अकराला सभागृहात समिती बसली. पाच जण, मध्ये डॉ. कुरियन, पांढरे कापलेले केस आणि समोर एक साधी वही. सरांनी आलेख दाखवला. निळी रेघ तांबडीच्या खाली बघून दोघांनी माना डोलावल्या. मग सरांनी मापनाचे तपशील सांगायला मला उभं केलं. गुरुवारनंतर मी त्यांना काही बोलले नव्हते, त्यामुळे मी मूग गिळले असं त्यांनी धरलं असावं. अहवालावर माझी सही अजून नव्हती, ती दुपारी घेऊ असं ते म्हणाले होते.

मी उभी राहिले आणि सांगितलं की हा आकडा खरा नाही. टोप्यांचं सांगितलं. धक्का न दिल्याचं सांगितलं. खोलीची किल्ली सरांच्या खिशात आहे हेही सांगितलं. सरांचा चेहरा मात्र जसा होता तसाच राहिला, आणि त्याचंच मला नवल वाटलं.

डॉ. कुरियननी विचारलं, टोप्या शुक्रवारपासून होत्या याला आधार काय? मी म्हटलं, लेखी नोंद आहे, ज्यांनी केली ते बाहेर आहेत.

काकांना आत बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, छातीशी रजिस्टर धरलेलं. समोर पाच खुर्च्या आणि त्यावर पाच माणसं, पण काकांना बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. डॉ. कुरियननी वाचायला सांगितलं. काकांनी उभ्यानेच ते पान वाचलं, सावकाश, शब्दन्‌शब्द, आणि मी इंग्रजीत सांगत गेले. "मी टोप्या काढल्याशिवाय मापन सुरू करू नये" हे वाक्य सांगताना माझा आवाज थोडा चढला. डॉ. कुरियननी ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग सर उठले. त्यांनी काकांना खोटं पाडलं नाही. टोप्या आज सकाळी घातल्या असतील, वगैरे गुरुवारचं काहीच बोलले नाहीत. उलट म्हणाले की पाचारणेंच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना शंका नाही. मग अगदी मवाळ आवाजात समितीला म्हणाले, "मी त्या दिवशी दिल्लीत होतो. मापन इथे बसून ज्यांनी सुरू केलं, त्या तुमच्यासमोर उभ्या आहेत. रजिस्टर बटणाच्या शेजारी असतं. त्यांनाच विचारा, त्यांनी ते वाचलं होतं का?"

हो, मीच सुरू केलं होतं. शनिवारी सकाळी सव्वानऊला, नियंत्रण कक्षात एकटी बसून, डाव्या हाताशी ते रजिस्टर होतं आणि मी बटण दाबलं. आत्तापर्यंत सांगताना ही गोष्ट मी मोघम ठेवली, कारण अठरा वर्षं झाली तरी ती मला सरळ सांगता येत नाही. गुरुवारी सरांच्या केबिनमध्येही मी ती बोलले नव्हते, चिंचेखाली काकांनाही नाही. काकांनी विचारलं नव्हतं. फोन सरांचा होता, धक्का द्यायचा नाही हा हुकूम सरांचा होता, आणि मला रागवायला तेवढं पुरेसं होतं.

डॉ. कुरियन माझ्याकडे बघत होत्या. मी 'हो' म्हटलं असतं तर? वाचलं होतं, पण सरांनी फोनवर दामटलं, असं म्हटलं असतं तर सर तिथल्या तिथे संपले असते. काकांचं रजिस्टर खरं ठरलं असतं, वाचलं जाणारं, पाळलं जाणारं. फोनवर काय बोलणं झालं ते आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत होतं? मला थोडा बोलही लागला असता आणि काका सुटले असते. एक शब्द पुरला असता. काका बाजूलाच उभे होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, पानाकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "वाचलं नव्हतं."

"त्या दिवशी राहून गेलं का?" डॉ. कुरियननी विचारलं.

"मी ते त्याआधी कधीच वाचलं नव्हतं," मी म्हटलं.

मी तिथे तीन वर्षं होते. ते रजिस्टर रोज माझ्या कोपराला लागायचं. चहाचा कप ठेवायला ते मी कितीदा बाजूला सरकवलं असेल. सुंदर अक्षर आहे, असं पाहुण्यांसमोर मीही म्हणायचे.

सर म्हणाले, "बघा. जी नोंद मापन करणारेही वाचत नाहीत, ती नोंद कशी म्हणायची? पाचारणेंनी सूचना योग्य मार्गाने द्यायला हवी होती." आणि ते खाली बसले. काकांना आता जायला सांगितलं. ते रजिस्टर मिटून, सगळ्यांना नमस्कार करून गेले.

समितीने आकडा फेटाळला, एवढं माझ्या बोलण्याने झालं. आठवड्याभराने पुन्हा मोजलं. टोप्या काढून, धक्का देऊन, सगळं रीतसर. निळी रेघ तांबडीच्या वर तिप्पट निघाली. दुसऱ्या गटाची निवड झाली आणि ते योग्यच झालं. सरांना कुणी काही विचारलं नाही. ते दिल्लीत होते. उलट अपयशातून सावरलेला नेता म्हणून पुढच्या वर्षी त्यांना संचालक केलं. मला कुणी बोललं नाही, कारण मी खरं बोलले होते. आणि रघुनाथ पाचारणे यांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, की त्यांनी महत्त्वाची सूचना अधिकृत मार्गाने दिली नाही. ज्या मार्गाचा पासवर्ड त्यांना कधी दिला नव्हता, त्या मार्गाने. सोबत एक परिपत्रक निघालं: यापुढे प्रयोगशाळेत हस्तलिखित नोंदी ठेवू नयेत.

ते परिपत्रक वाचून मी संचालकांच्या कार्यालयात जाऊन भांडले. अर्ज केले, दोन. कुणी उत्तर दिलं नाही. मग एका दुपारी मी काकांना शोधत तळघरात गेले. ते नव्या तारेची गुंडाळी उलगडत होते, लोलकाला पुन्हा टांगायचं होतं. मी त्यांना अर्जांचं सांगितलं, सरांना शिव्या घातल्या, ती माणसं किती नीच आहेत ते सांगितलं. काका ऐकत राहिले, हात चालूच. मला त्यांच्याकडून काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. तुमचा काही दोष नाही ताई, एवढंच. ते म्हणेनात तेव्हा माझा बांध फुटला.

"काका, मी काय करायला हवं होतं? त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोलायला हवं होतं का?"

काकांनी तार प्रकाशात धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता.

"खोटं कशाला बोलायचं," ते म्हणाले. "वाचायचं होतं."